तिसऱ्या गटाची तक्रार

किल्लीवाल्याने चिठ्ठी उघडली, तिच्यावर तीनचा आकडा निघाला, आणि खरं सांगायचं तर त्याला आधी आनंदच झाला. बायकोला एक आला होता, मेव्हण्याला दोन, आणि एक-दोनपेक्षा तीन केव्हाही मोठाच, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. प्रौढांच्या भाषावर्गाचा पहिला दिवस होता. छत्तीस माणसं, छत्तीस चिठ्ठ्या, आणि प्लास्टिकचा डबा घेऊन बाकांमधून फिरणारी एक चष्मेवाली मुलगी. तिने जाड वही छातीशी अशी धरली होती की जणू कोणी हिसकावून पळणारच आहे. सगळे तिला त्याच दिवसापासून वहीवाली म्हणायला लागले. मोठ्या माणसांना परकी भाषा कुठल्या पद्धतीने लवकर येते यावर तिचं संशोधन चाललं होतं, आणि त्या वहीत तिची तीन वर्षं गेली होती.

मग तिने ज्याच्या त्याच्या भाषेत छापलेले कागद वाटले. गट एक: चेंडूवाल्या मॅडम. पुस्तक नाही, फळा नाही, नियम तर अजिबात नाहीत. मॅडम चेंडू फेकणार, ज्याच्या हातात येईल त्याने बोलायचं, काय वाटेल ते, पण इथल्या भाषेत. गट दोन: तक्तेवाले सर. एकूण बेचाळीस तक्ते, सगळे पाठ करायचे, आणि शेवटचा तक्ता पाठ होईपर्यंत वाक्य म्हणून तोंडातून काढायचं नाही. गट तीन: काही नाही.

किल्लीवाल्याने कागद उलटा करून पाहिला. मागेही काही नव्हतं.

खाली बारीक अक्षरात खुलासा होता. शिकवल्याने किती फरक पडतो हे कळायचं तर तुलनेसाठी न शिकवलेली माणसंही लागतात. म्हणून गट तीनने दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार एका खोलीत बसायचं, चहा प्यायचा, बिस्किटं खायची, आणि दर पंधरा दिवसांनी चाचणी द्यायची. पुस्तक उघडायचं नाही, दुसरीकडे शिकवणी लावायची नाही, घरच्यांनी शिकवायचं नाही. पकडले गेलात तर नाव कटाप आणि शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही.

आता ही परीक्षा म्हणजे किल्लीवाल्याच्या गळ्याशी आलेली गोष्ट होती. अकरा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या दुकानात मागच्या अंगाला बसून किल्ल्या घासल्या होत्या. या शहरात येऊन चार महिने झाले होते, आणि बसथांब्याजवळच्या टपरीतला म्हातारा किल्लीवाला काम सोडणार होता. टपरी तो याला द्यायला तयार होता. पण परवान्यासाठी इथल्या भाषेचा दुसऱ्या पातळीचा दाखला लागायचा, आणि म्हाताऱ्याने तीन महिन्यांनंतरचा एक शुक्रवार ठरवून दिला होता. संध्याकाळी सहापर्यंत दाखला आणलास तर टपरी तुझी, नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण टपून बसलाच होता. पुढची परीक्षा वर्षाने.

घरी जाताना त्याने बायकोला म्हटलं, चिठ्ठी बदलू या.

"मी सही केलीये," बायको म्हणाली.

"सही तर तू माझ्याशी लग्न करतानाही केली होतीस."

"त्या कागदावर एवढे नियम नव्हते."

मेव्हणा मागून चालत होता. त्याने भाऊजींना धीर दिला. म्हणाला, भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यामुळेच तर कळणार की आम्ही किती हुशार झालो. किल्लीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ, आणि बायको शेजारीच चालत होती.

घरात मग काय झालं असेल बघा. दोन खोल्या, त्यात दोन शिकणारे आणि एक ऐकायला बंदी असलेला. बायको न्हाणीघरात नळ सोडून बोलण्याचा सराव करायची. मेव्हणा तोंडावर उशी दाबून तक्ते घोकायचा. किल्लीवाला खोलीत आला की दोघंही गप्प, अळीमिळी गुपचिळी, जणू सावकारच दारात आलाय. आणि त्याच्यादेखत भांडायचे ते आपल्या भाषेत, कुणाची पद्धत खरी यावर. बायको म्हणायची, भाषा बोलून येते, लहान मूल काय तक्ते पाठ करतं? मेव्हणा म्हणायचा, लहान मुलाला बोलायला तीन वर्षं लागतात ताई, आपल्याकडे तीन महिनेच आहेत. आणि दोघांचं खरं होतं, म्हणजे दोघांचंही खोटं होतं. बायको पाववाल्याकडे जाऊन अखंड बोलायची आणि जे हवं ते सोडून सगळं घेऊन यायची. मेव्हणा काउंटरसमोर उभा राहून मनात वाक्य जुळवायचा. एकदा ते जुळेपर्यंत दुकान बंद झालं, आणि त्याने आयुष्यातलं पहिलं निर्दोष वाक्य शटरला ऐकवलं.

किल्लीवाल्याला तेवढंही नव्हतं. मंगळवारी चहा, शुक्रवारी चहा. तिसऱ्या चहाला त्याने तो कागद पुन्हा वाचून काढला, अक्षर न अक्षर, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ सापडली. प्रत्येक सहभागी व्यक्तीला तक्रार करण्याचा हक्क आहे. तळमजला, खिडकी क्रमांक चार.

बस्स. शिकायला बंदी होती, तक्रारीला नव्हती.

चार नंबरच्या खिडकीत पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई बसायच्या. चष्म्याला दोरी, समोर शिक्का, शिक्क्याशेजारी लाल पेन. खिडकीच्या वर एक लांबलचक पाटी होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. किल्लीवाल्याने ती पाहिली ती भिंतीवरची नक्षी पाहावी तशी. त्याने पहिली तक्रार आपल्याच भाषेत लिहून आणली होती, ती बाईंनी एका बोटाने मागे सरकवली आणि बाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. म्हणजे इथल्या भाषेत लिहा, असं त्याला वाटलं. पण इथल्या भाषेतलं त्याला येत होतं ते फक्त रस्त्यावरच्या पाट्यांवरचं. तेवढ्यावर त्याने भागवलं. "शिक्षण बंद. मला प्रवेश नाही. धोका. धन्यवाद."

बाईंनी ते शांतपणे वाचलं. मग लाल पेन घेतलं, चार गोल केले, समासात स्वच्छ अक्षरात पूर्ण वाक्य लिहिलं, आणि कागद परत दिला. दोनच गोष्टी म्हणाल्या: "चुका आहेत. घेता येणार नाही." आणि लिहिण्याची खूण केली. नीट लिहून आणा.

हे दोन शब्दप्रयोग किल्लीवाला त्या दिवशी शिकला आणि जन्मात विसरणार नाही.

शुक्रवारी तो नीट लिहून घेऊन गेला. बाईंनी विचारलं: कोणी? कधी? कुठे? त्याने हातवारे केले. बाईंनी मान हलवली, हातवाऱ्यांवर शिक्का बसत नाही. मग त्याने वरच्या मजल्याकडे बोट केलं तेव्हा बाई म्हणाल्या "वर", घड्याळाकडे केलं तेव्हा "दोन वाजता", आणि रिकामी झोळी दाखवावी तसे हात दाखवले तेव्हा "काहीच नाही". तिसऱ्या वेळी हे शब्द कागदावर आले, तर बाईंनी त्यांना सहा गोल केले. आता हा काय छळ आहे, अन्याय यांनी करायचा आणि तो यांच्याच भाषेत, तोही यांना आवडेल तसा लिहून द्यायचा? म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. तो तणतणत घरी गेला आणि आणखी कडक वाक्यं करायला बसला.

आणि कडक वाक्यांना सामग्री लागतेच ना. अन्याय झाला होता, म्हणून भूतकाळ लागला. तो अजून चालूच होता, म्हणून वर्तमान. आणि वरच्या साहेबांना याची काय काय फळं भोगावी लागतील हे सांगायला भविष्यकाळ. हे सगळं समासात लाल शाईने यायचं आणि किल्लीवाला ते उतरवून काढायचा, एकदा, दोनदा, पाच वेळा, रागाने. तोंडाने पुटपुटत. परत आलेला एकही कागद त्याने फेकला नाही. पुरावा म्हणून हत्यारांच्या पिशवीत कानशींच्या खाली घालून ठेवला.

आता हे चहाच्या खोलीत कळल्याशिवाय राहतंय होय? खोलीत बारा माणसं होती आणि बाराजणांच्या सात भाषा. पाचव्या अर्जाच्या दिवशी शेजारच्या टॅक्सीवाल्याने त्याच्या हातातले लाल गोल पाहिले आणि त्याचेही डोळे लाल झाले. त्याच्या पलीकडे एक आजी बसायच्या. त्यांचे नातू फक्त इथलीच भाषा बोलायचे, आणि आपल्यादेखत आपलीच टिंगल करतात असा आजींना दाट संशय होता. टिंगल कळावी एवढ्याचसाठी त्या भाषावर्गाला आल्या होत्या, आणि त्यांना मिळालं काय, तर बिस्किट. आजींनी किल्लीवाल्याचा कागद ओढून घेतला. मग सगळ्यांनी मिळून एक मोठी तक्रार करायची ठरलं, आणि सात भाषांच्या बारा माणसांना एकमेकांशी भांडायला एकच भाषा उरली होती, ती म्हणजे जी त्यांना कोणी शिकवत नव्हतं ती.

टॅक्सीवाल्याला सुरुवातीला "विनंती" घालायची होती.

"विनंती कशाला?" आजी म्हणाल्या. "मी काय भीक मागते? लाज घाला."

"लाज शेवटी घालू."

"शेवटपर्यंत वाचतं कोण? पहिल्या ओळीत लाज."

पहिल्या ओळीत लाज गेली. शुक्रवारी ती दोन लाल गोलांसकट परत आली. मग मात्र ज्याने त्याने स्वतःची स्वतंत्र आघाडी उघडली. टॅक्सीवाल्याने खुर्ची डुगडुगते म्हणून तक्रार केली. आजींनी चहा गार असतो म्हणून केली, आणि त्यात चहा कोणी केला, कधी केला, किती वेळ ठेवला, त्याच्या आईने त्याला काय शिकवलं, हे सगळं घातलं. चार नंबरच्या खिडकीसमोर मंगळवार-शुक्रवार रांग लागायला लागली. बाई प्रत्येकाला दोन-चार प्रश्न विचारायच्या, गोल करायच्या, परत द्यायच्या. एकही तक्रार दाखल झाली नाही. संताप वाढत गेला.

इकडे वर वहीवालीचा जीव टांगणीला. पंधरवड्याच्या चाचण्यांचे गुण ती आलेखावर मांडायची. चेंडूची रेघ चढत होती, तक्त्यांची रेघ चढत होती, आणि तिसरी, जी जमिनीला चिकटून राहायला हवी, ती दोघींच्या मधून घुसून वर निघाली होती. तिची तीन वर्षं त्या रेघेवर उभी होती. तिला वाटलं, कुठूनतरी भाषा गळतेय. प्लंबर जसा ओल शोधतो तशी ती शोधायला लागली. आधी चहाच्या खोलीतलं वर्तमानपत्र बंद केलं. मग कॅलेंडर काढलं. मग तिच्या लक्षात आलं की बिस्किटांच्या पुड्यांवर मजकूर असतो, तेव्हापासून बिस्किटं कोऱ्या डब्यात यायला लागली. आग लागली तर काय करावं याची पाटीसुद्धा तिने उतरवली.

यातल्या प्रत्येक गोष्टीवर तक्रार झाली हे सांगायला नकोच. पुडा का काढला, आम्ही काय उंदीर आहोत? आग लागली तर आम्ही जळायचं का, आणि जळताना ओरडायचं कुठल्या भाषेत? आणि प्रत्येक तक्रार निदान दोनदा परत आली. खिडकी क्रमांक चारकडे बघायचं मात्र वहीवालीला सुचलंच नाही. तक्रारी गुप्त असतात, आणि ती नियमाने वागणारी मुलगी होती.

दहाव्या आठवड्यात रविवारी दुपारी ती थेट घरी आली. किल्लीवाला जेवून लवंडला होता. तिने गादीखाली पाहिलं, उशीखाली पाहिलं, बायकोला विचारलं, तुम्ही यांना शिकवता का? बायको चेंडू झेलल्यासारखी सुरू झाली, की शिकवणं कुठलं, मी सही केल्यापासून या माणसाशी धड बोललेलेसुद्धा नाही, आमच्यात भांडणंही खुणांनी होतात. इथल्या भाषेतल्या अर्ध्या शब्दांना प्रत्ययांच्या शेपट्या नव्हत्या, पण दुःख पोचलं. मेव्हण्याने साक्ष द्यायला चार मिनिटं घेतली आणि एकच वाक्य दिलं, पण काय वाक्य, कोरून ठेवावं असं.

आणि मग किल्लीवाल्याचं कुलूप निघालं. आम्हाला उपाशी ठेवता आणि वर ढेकर कुठून आला म्हणून चौकशी करता? आमच्या घरात येऊन आमच्या गाद्या उलटता? आम्ही चोर आहोत का? चोर असतो तर एवढी कुलपं उघडता येणारा मी, आतापर्यंत तुमच्या परीक्षेचे पेपर काढून आणले नसते? वीस मिनिटं तो इथल्या भाषेत बोलत होता. बायकोच्या हातातली वाटी तशीच राहिली. वहीवाली घड्याळ बघत टिपणं घेत होती आणि टिपता टिपता तिचा चेहरा रडवेला होत चालला होता.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" तिने शेवटी विचारलं.

"तुम्ही शिकवलंत कुठे?" किल्लीवाला म्हणाला. "तीच तर तक्रार आहे."

परीक्षा झाली. निकाल लागला तो बरोबर त्या शुक्रवारी, दुपारी तीनला. चेंडूगट तोंडी परीक्षेत सुटला आणि लेखीत बुडाला, तक्तेगटाचं नेमकं उलटं. बायकोचे आणि मेव्हण्याचे गुण एकत्र केले असते तर एक माणूस आरामात पास झाला असता. आणि गट तीन, काही न शिकवलेला गट, दोन्हींत सगळ्यांच्या पुढे. आजी पहिल्या. किल्लीवाला दुसरा.

टाळी वाजवायला हात वर गेले होते ते वरच राहिले, कारण तक्तेवाले सर उठून म्हणाले की हे चेंडूवाल्या बाईंचं काम आहे, त्या येता-जाता यांच्याशी बोलत असणार. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे एवढा वेळ असता तर मी आधी तुमच्या गटाला बोलायला शिकवलं असतं. मोठ्या साहेबांनी दोघांना खाली बसवलं आणि निवाडा दिला. गट तीनला शिकवलेलं नाही, तरी येतं, म्हणजे काहीतरी लबाडी आहे. चौकशी होईल. दीड महिना. तोवर गट तीनचे दाखले राखून ठेवले आहेत.

दीड महिना. आणि टपरीचा म्हातारा संध्याकाळी सहाला उठणार होता.

किल्लीवाला जिना उतरला की गडगडला हे त्यालाच माहीत. व्हरांड्यात बाकावर बसून मांडीवर कागद घेतला आणि एका दमात लिहिलं, खाडाखोड न करता, पानभर. बारावी तक्रार. घेऊन चार नंबरला गेला तर खिडकी बंद, आत बाई चहा पीत होत्या, दहा मिनिटं थांबा अशी खूण केली. आता दहा मिनिटं माणूस करणार काय? तो उभा राहून इकडे तिकडे बघायला लागला, आणि बघता बघता त्याची नजर वर गेली. त्या मुंगीच्या अक्षरांच्या पाटीवर. "तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारली जाईल. लिहिण्यातल्या चुकांमुळे कोणतीही तक्रार नाकारता येणार नाही."

त्याने दोनदा वाचलं. पहिल्यांदा जे वाटलं तो रागच नव्हता. आपण पूर्ण वाचलं, ओठ न हलवता वाचलं, हे वाटलं. राग त्याच्या मागोमाग आला, पण आला तो दुप्पट होऊन.

खिडकी उघडली.

"ही पाटी कधी लावली?"

"माझ्या आधीपासून आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे माझी पहिली तक्रार..."

"त्याच दिवशी घ्यायला हवी होती. तुमच्या भाषेतली होती ना, तीच."

"मग का नाही घेतलीत?"

बाईंनी चष्मा पुसला. "घेतली असती तर फायलीत गेली असती. फायल त्या कपाटात. कपाटाची किल्ली चार वर्षांपूर्वी हरवलीये."

"किल्ली मी करून देतो," किल्लीवाला म्हणाला. इतक्या संतापातही म्हणाला, सवयच ती.

"करू नका. वीस वर्षं मी तक्रारी घेतल्या. कपाटाला त्यातली एकही कळली नाही. म्हटलं, तुमची तरी माणसाकडेच राहू दे."

"तीन महिने फसवलंत तुम्ही मला."

"हो," बाई म्हणाल्या, आणि बाराव्या तक्रारीवरून लाल पेन हळूहळू खाली नेलं. पहिली ओळ, दुसरी, शेवटची. पेन कुठेच टेकलं नाही. त्यांनी त्याला टोपण लावलं. "आधीचे अकरा कागद आहेत का जवळ?"

पिशवीत होते, कानशींच्या खाली, थोडे तेलकट. बाईंनी खिडकीवर "बंद" लावलं आणि खिडकीमागून बाहेर आल्या. त्यांना पाय आहेत हे कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांच्या टेबलावर अकरा कागद मांडले गेले. मागून गट तीन आलाच होता, आजींनी पिशवीतून आपले एकोणीस काढले, टॅक्सीवाल्याने चौदा. टेबल लालेलाल झालं. साहेबांनी विचारलं, कुणाच्या परवानगीने शिकवलंत? बाई म्हणाल्या, मी शिकवलं नाही, मी परत केलं. गट तीनला शिकवायचं नाही हा कागद मलाही आला होता, पण चुका दाखवायच्या नाहीत असं त्यात नव्हतं. साहेबांनी वहीवालीकडून नियमावली मागवली, पुढून वाचली, मागून वाचली. खरंच नव्हतं.

एवढ्यात तक्तेवाले सर एक कागद उचलून म्हणाले, पण ही तर माझीच पद्धत. चूक, दुरुस्ती, पुन्हा लेखन. मॅडमनी तोच कागद दुसऱ्या बाजूने धरला. गरज आहे म्हणून बोलणं, प्रश्न, उत्तर, ही माझी पद्धत, फक्त चेंडूऐवजी कागद फेकलाय. आता दोघंही गट तीनचा बाप व्हायला तयार. मघाशी लबाड होते ते घटकेत गुणी झाले. किल्लीवाल्याला हे सहन होईना.

"तुमच्या पद्धतीत राग कुठे आहे?" तो म्हणाला. "माझ्याकडे तेवढाच होता."

वहीवाली इतका वेळ कोपऱ्यात नाक ओढत होती. तिने रुमाल ठेवला, वही उघडली, नवीन पान काढलं आणि बाईंना अगदी हळू आवाजात विचारलं, की दर अर्जाला साधारण किती गोल?

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी बारा दाखल्यांवर सह्या केल्या. आजींनी सही होतानाच सांगितलं की आता घरी जाऊन नातवांसमोर गप्प बसणार, आठवडाभर, आणि मग एकदम उत्तर देणार. किल्लीवाला थांबला नाही. सहाला दहा कमी असताना तो बसथांब्यावर पोचला. म्हाताऱ्याने दाखला हातात घेऊन उन्हाकडे धरला, परत दिला, आणि टपरीचा जुडगा त्याच्या तळहातावर ठेवला. कव्हरवाला समोरच उभा होता. त्याला किल्लीवाल्याने दोन वाक्यं ऐकवली, शेपट्यांसकट.

घरी बायको आता त्याच्याशी इथल्या भाषेत बोलू शकत होती, सही संपली होती. पण तो मध्येच तिची वाक्यं दुरुस्त करायला लागला, तेव्हा तिने सांगितलं की तीन महिने बरे होते.

सगळं मिळालं म्हणता. पण राग ही काय परवाना आला की उतरणारी गोष्ट आहे? टपरीत किल्ली घासता घासता त्याला ती पाटी आठवायची. अकरा वेळा. अकरा वेळा या बाईने आपल्याला परत पाठवलं, नियम डोक्यावर लटकत असताना. माणसाने हे असंच सोडून द्यायचं? मंगळवारी दुपारी त्याने टपरीला कुलूप लावलं आणि चार नंबरला गेला. तक्रार क्रमांक तेरा, विषय: खिडकी क्रमांक चारवरील बाई.

बाईंनी स्वतःविरुद्धची तक्रार इतरांच्या वाचायच्या तशीच वाचली, सावकाश. खालून तिसऱ्या ओळीवर थांबल्या. वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. मग पेनाचं टोपण काढून एक गोल केला.

"ही चूक तुम्ही तिसऱ्या अर्जानंतर कधी केली नव्हती."

"घाईत झाली असेल," किल्लीवाला म्हणाला.

"मग घेता येणार नाही."

"घ्यावी लागेल. पाटी वाचलीये मी."

"कुठली पाटी?" बाई म्हणाल्या. "मला या चष्म्याने वरचं दिसत नाही."

"अन्याय आहे हा."

"मग नीट लिहून आणा. शुक्रवारी."

किल्लीवाल्याने कागद घेतला, चार घड्या करून पिशवीत ठेवला आणि तणतणत बाहेर पडला. शुक्रवारची चूक कुठल्या ओळीत करायची, हे दारातल्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत त्याचं ठरलं होतं.